गटाचा पोशाख आणि मिश्र पोत: खान्देशातील तरुणांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे नृत्यगट, हळदीला एका रंगात दिसू पाहणारी चुलत-मावस भावंडे आणि गणेश मंडळांची मुले यांना कपडे निवडून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानांवर आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. विषय स्ट्रीटवेअरचा आहे, म्हणजे ढगळ टी-शर्ट, कार्गो (बाजूला मोठे खिसे असलेली ढगळ पँट), हुडी, डेनिम, बॉम्बर जॅकेट आणि स्निकर्स यांचा. परंतु तो आपल्या उन्हात, आपल्या बाजारातून आणि आपल्या शिंप्याच्या हातून निभवायचा आहे, हे प्रत्येक उत्तर लिहिताना ध्यानात ठेवले आहे.

प्रश्न: कपड्याचा पोत म्हणजे नेमके काय?

कापडावरून हात फिरवल्यावर जे कळते आणि तेच कापड उजेडात धरल्यावर जे दिसते, ते दोन्ही मिळून पोत होतो. तो धाग्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विणीवर अवलंबून असतो. आपल्याकडच्या शेतात वेचल्या जाणाऱ्या कपाशीच्या सुतापासून डेनिम, कॉर्डुरॉय आणि होजिअरी ही तिन्ही कापडे होऊ शकतात, पण तिघांचा स्वभाव अगदी निराळा असतो. डेनिममध्ये उभा धागा निळीत रंगवलेला आणि आडवा धागा बहुधा पांढरा असतो, तसेच वीण तिरपी असते; म्हणून सुलट बाजू गडद दिसते, उलट बाजू फिकट दिसते आणि वापराने उंचवटे घासले गेले की धाग्याच्या आतला न रंगलेला गाभा उघडा पडतो. कॉर्डुरॉयमध्ये जादा धागे विणून नंतर ते कापले जातात आणि त्यातून मखमली उभ्या पट्ट्या तयार होतात. होजिअरी ही फाशांची वीण असल्यामुळे ती ताणली जाते आणि अंगावर सैल पडते. साटीनमध्ये धागे पृष्ठभागावर लांबवर मोकळे राहतात, त्यामुळे त्यावर पडलेला प्रकाश फारसा न विखुरता परततो आणि कापड चमकते.

प्रश्न: सगळ्यांनी एकसारखा टी-शर्ट घातला तर काय बिघडते?

रक्तदान शिबिरात किंवा मिरवणुकीत कार्यकर्ता लांबून ओळखू यावा असा हेतू असेल, तर एकसारखा टी-शर्टच योग्य आहे. मंचावर किंवा छायाचित्रात मात्र तो माणसे पुसून टाकतो: बारा जण उभे असतात आणि पाहणाऱ्याला एकच ठोकळा दिसतो. ज्याची अंगकाठी त्या कपड्याला साजत नाही, तो त्या ठोकळ्यात सर्वांत अवघडलेला असतो, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर उमटते.

गटाने एकसारखे दिसावे यासाठी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातून पुढे आलेल्या रन-डीएमसी या हिप-हॉप त्रयीचा दाखला नेहमी दिला जातो. १९८० च्या दशकात त्या तिघांनी काळे कपडे, काळी हॅट आणि नाडी न बांधलेले आदिदासचे बूट ही आपली ओळख बनवली. वरवर पाहता तो गणवेशच वाटतो. परंतु नीट पाहिले तर चामड्याच्या जॅकेटची ओलसर चमक, फेल्टच्या हॅटचा प्रकाश शोषून घेणारा मऊपणा, जाड सोनेरी साखळीचा लखलखाट आणि बुटाच्या टोकावरचे शिंपल्यासारखे रबर असे चार वेगळे पोत एकमेकांशेजारी ठेवलेले आढळतात. रंग कमी होते म्हणूनच पोत दिसले. ही पोशाखाची रीत आपल्याला शिकण्यासारखी आहे. तीच हॅट आणि तीच साखळी आणण्याची गरज नाही.

प्रश्न: मग रंग बांधून ठेवून पोत वेगळे कसे करावेत?

सुरुवात रंगापासून करावी आणि तो निर्णय सर्वांनी एकत्र बसून घ्यावा. दोन मुख्य रंग, त्यांना जोडणारा एक मधला रंग आणि अगदी थोड्या जागी येणारा एक उठावदार रंग, एवढे पुरते. माझ्या आवडीचा संच आपल्या शिवारातूनच आला आहे: काळ्या कसदार जमिनीचा काळा, उमललेल्या बोंडाचा किंचित पिवळसर पांढरा, वाळलेल्या केळीच्या पानाचा तपकिरी आणि उठावासाठी हळदीचा पिवळा. असा संच कोणालाही समजावून सांगावा लागत नाही, कारण प्रत्येकाने तो रंग डोळ्यांनी पाहिलेला असतो. 'बेज' म्हटल्यावर मात्र सहा जण सहा रंगांचे कपडे घेऊन येतात.

त्यानंतर पोतांची वाटणी करावी. सहा जणांच्या गटाचे एक उदाहरण देतो. पहिला मुलगा काळे कॉर्डुरॉयचे शर्ट-जॅकेट, आत पांढरा जाड होजिअरीचा टी-शर्ट आणि तपकिरी कार्गो घालेल. त्याच्याशेजारची मुलगी काळी साटीन बॉम्बर आणि फिकट होत आलेली काळी डेनिम घालेल. तिसरा पांढऱ्या खादीचा ढगळ शर्ट आणि सळसळणारी काळी नायलॉनची ट्रॅक पँट निवडेल. चौथीच्या अंगावर तपकिरी लिननचा उघडा शर्ट आणि आत पट्टीदार विणीचा पांढरा रिब टॉप असेल. पाचवा पांढऱ्या पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टवर काळी जाळीदार जर्सी चढवेल आणि सहावी पांढऱ्या डेनिमच्या जॅकेटखाली तपकिरी सुती पँट घालेल. हळदीचा पिवळा या सगळ्यांत केवळ दोन ठिकाणी यावा: एकाच्या टोपीवर आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या कोणाच्या तरी मोज्यांत. नजर त्या दोन ठिपक्यांमध्ये ये-जा करते आणि मधली चार माणसे आपोआप पाहिली जातात.

या वाटणीत एक पथ्य पाळलेले आहे, ते म्हणजे दोन चमकदार कापडे शेजारी-शेजारी आलेली नाहीत. साटीनच्या एका बाजूला कॉर्डुरॉय आणि दुसऱ्या बाजूला खादी असल्यामुळे तिची चमक उठून दिसते. तिच्याशेजारी आणखी एक साटीन आली असती, तर दोन्ही झगमगाटात हरवल्या असत्या. प्रत्येक व्यक्तीच्या अंगावरसुद्धा हेच पाहावे. वरचा कपडा खडबडीत असेल तर खालचा गुळगुळीत घ्यावा, वरचा ताठ असेल तर खालचा सैल पडणारा घ्यावा.

प्रश्न: एका माणसाच्या अंगावर किती पोत चालतात?

तीन. बूट आणि पट्टा त्यात मोजू नयेत.

प्रश्न: दुकानात जुळलेले रंग नंतर का जुळत नाहीत?

याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे उजेड: दोन कापडांना वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी काळे केलेले असेल, तर दुकानाच्या दिव्याखाली ती सारखी दिसतात आणि बाहेर उन्हात एक निळसर तर दुसरे तांबूस दिसते. म्हणून निवडलेली कापडे दुकानाच्या दारात आणून दिवसाच्या उजेडात शेजारी धरून पाहावीत. ओळखीचा दुकानदार याला कधीच नाही म्हणत नाही. दुसरे कारण म्हणजे रंगाईचा घाणा. एकाच नमुन्याचे कापडही दोन वेगवेगळ्या वेळी रंगवले गेले, तर छटेत फरक पडू शकतो. एका स्नेहसंमेलनासाठी मी गडद निळे वीस टी-शर्ट मागवले होते. त्यांतले पंधरा आधी आले आणि पाच आठवडाभराने आले. पाकिटात असताना काहीच जाणवले नाही. मंचावर ते पाच जण दुसऱ्याच गटातून आल्यासारखे दिसले आणि त्या मुलांची हिरमुसलेली तोंडे मला अजून आठवतात. तेव्हापासून एकाच रंगाचे सगळे कपडे एकाच वेळी आणि एकाच लॉटमधून घेण्याचा आग्रह मी सोडलेला नाही. त्यातही फरक राहिलाच, तर तो लपवण्यापेक्षा पोत बदलणे सोपे जाते, कारण कॉर्डुरॉयचा निळा आणि होजिअरीचा निळा वेगळे असणार हे डोळा आधीच मान्य करतो.

प्रश्न: आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात थरांवर थर कसे घालायचे?

हा प्रश्न खान्देशाबाहेरच्या फॅशन मार्गदर्शनात सहसा येत नाही, आणि आपल्याकडे मात्र निवडीचा निम्मा भाग यावरच ठरतो. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात हुडी, अस्तर असलेले बॉम्बर आणि जाड डेनिम यांचा विचारही करू नये. मोकळ्या मैदानात तासभर नाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा आवडीनिवडीचा नव्हे, तर प्रकृतीचा प्रश्न असतो.

कापडाचे वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरते ते. साधा टी-शर्ट साधारण १६० ते १८० जीएसएमचा असतो, स्ट्रीटवेअरमध्ये आवडणारा ताठ, जाड टी-शर्ट २२० ते २६० च्या घरात जातो आणि हुडीचे कापड ३०० च्या पुढे असते. उन्हाळ्यात ढगळपणा हवा असेल, तर तो वजनातून न आणता बेतण्यातून आणावा: खांदा उतरवलेला, बाही रुंद आणि कापड १८० च्या आतले. डेनिमचे वजन औंसात मोजतात. नेहमीची जीन्स १२ ते १४ औंसांची असते. उन्हाळ्यासाठी ८ औंसांच्या आसपासचे शर्टाचे डेनिम मागावे.

धाग्याचाही फरक मोठा आहे. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणूनच घट्ट विणीचे पॉलिएस्टर साटीन घामाने अंगाला चिकटते. तेच पॉलिएस्टर जाळीदार जर्सीच्या रूपात आले, तर छिद्रांतून हवा खेळते आणि कापड लवकर वाळते. त्यामुळे जर्सी उन्हाळ्यातही चालते. उन्हाळी गटासाठी खादी, लिनन, जाळी, रिब होजिअरी आणि सुती पॉपलिन हे पाच पोत पुरेसे आहेत. अंगावर दुसरा थर हवाच असेल, तर बिनबाह्यांचे सुती जॅकेट किंवा खांद्यावर टाकलेला पंचा पाहावा. पंच्याचा सैल, चुरगळलेला पोत डेनिमवर फार छान दिसतो, आणि पाण्यात भिजवून मानेवर ठेवता येतो हा त्याचा फायदा आपल्या आजोबांना आपल्याआधी ठाऊक होता.

डिसेंबर आणि जानेवारीची गोष्ट वेगळी आहे. धुळ्यात तेव्हा पहाटेचा पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. सारंगखेड्याची यात्रा याच दिवसांत भरते आणि महाविद्यालयांची स्नेहसंमेलनेही बहुतेक याच सुमारास होतात. कॉर्डुरॉय, टेरी (टॉवेलसारखे फाशांचे कापड), लोकर आणि जाड डेनिम वापरण्याची हौस या दोन महिन्यांत मनसोक्त भागवून घ्यावी.

प्रश्न: गोधडीसारखे ठिगळकाम स्ट्रीटवेअरमध्ये चालेल का?

चालेल, आणि माझ्या मते खान्देशातल्या गटाला यापेक्षा स्वतःचे असे दुसरे काही सापडणार नाही. जपानमध्ये गरिबीमुळे ठिगळे लावून वापरलेल्या कपड्यांना बोरो म्हणतात आणि ती ठिगळे पक्की करणाऱ्या टाक्यांना साशिको म्हणतात. गेल्या काही दशकांत जपानी डेनिमवाल्यांनी ही कला जॅकेटांवर आणली आणि आता ती जगभर मानाने वापरली जाते. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी याच विचारातून आलेली आहे: झिजलेले कापड वाया जाऊ द्यायचे नाही आणि टाक्यांच्या ओळींनी त्याला बळ द्यायचे. मिश्र पोत म्हणजे काय, हे ज्याला पुस्तकातून कळत नाही, त्याने घरातली गोधडी उन्हात पसरून तिच्याकडे पाहावे. तिच्यात सुती लुगड्याची मऊ झीज, एखाद्या जरीच्या काठाची खरखर आणि शर्टाच्या पॉपलिनचा गुळगुळीतपणा एकाच दोऱ्याने बांधलेला असतो.

प्रत्यक्षात करताना थोडे धोरण ठेवावे लागते. ठिगळासाठी घेतलेली कापडे वजनाने जवळची असावीत, नाहीतर पहिल्याच धुण्यात एक आटते आणि शेजारचे फुगते. प्रत्येक तुकडा आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून मगच शिवावा. गटासाठी सर्वांत देखणी योजना ही की एकाच जुन्या कापडाचे तुकडे सर्वांना वाटून द्यावेत: कोणाच्या खिशावर, कोणाच्या कोपरावर, कोणाच्या टोपीच्या कडेला. भावंडांच्या गटाने आजीच्या एका लुगड्याचे असे वाटप केले, तर प्रत्येकाचा कपडा वेगळा राहूनही नाते लांबून दिसते. मात्र ते लुगडे कापण्यापूर्वी घरात विचारावे. हाताने धावदोरा घालणाऱ्या बाई तुमच्याच गल्लीत असतील. त्यांना त्यांच्या कामाचे पैसे द्यावेत, घासाघीस करू नये.

प्रश्न: खादी आणि कार्गो एकत्र विचित्र दिसणार नाहीत का?

खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे हाताने विणलेले कापड. सूत कुठे जाड, कुठे बारीक असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावर जो जिवंत उंचसखलपणा येतो, तो कार्गोच्या घट्ट, सपाट कापडाला नेमका उठाव देतो. विचित्र दिसते ते खादीचा कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट तसाच कार्गोवर घातल्यामुळे. खादी ताग्यातून मीटरवर घ्यावी आणि शिंप्याकडून ढगळ, उतरत्या खांद्याचा, छोट्या कॉलरचा शर्ट शिवून घ्यावा. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ साली आपल्या फैजपूरला झाले. त्या काळातल्या सार्वजनिक जीवनात खादीचे काय स्थान होते, हे ज्यांच्या घरात सांगितले जाते, त्यांना हे कापड रस्त्यावरच्या तरुणांच्या अंगावर पाहून वाईट वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न: सातपुड्यातले दागिने किंवा होळीची वेशभूषा आम्ही गटाच्या पोशाखात वापरू का?

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे आणि घुंगरू बांधून नाचणारे बुध्या नवस पाळत असतात. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्यासोबत व्रताचे कडक नियम येतात. ती वेशभूषा मंचावरच्या सजावटीसाठी उचलू नये, असे माझे ठाम मत आहे. पावरा समाजातल्या चांदीच्या दागिन्यांबाबत गटातली मुलगी स्वतःच्या घरचे दागिने स्वखुशीने घालत असेल, तर काळ्या डेनिमवर त्या जड चांदीइतके सुंदर काही दिसत नाही. तिच्यावरून इतरांनी नकली धातूचे तसेच दागिने करून घालणे मात्र टाळावे.

कानबाईच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत भाऊबंदांच्या मुलांनी एका रंगात नाचण्याला घरोघरी पसंती मिळताना दिसते. तिथे देवीसमोर कोणता पेहराव चालेल, हे घरातल्या मोठ्यांना आधी विचारावे आणि चामड्याच्या वस्तू बाजूला ठेवाव्यात.

प्रश्न: गटातल्या कोणाला ढगळ कपडे आवडत नाहीत, कोणाला ओढणी हवी असते. त्यांचे काय करायचे?

त्यांना हवे तेच घालू द्यावे. रंग ठरलेला असेल तर आकाराची सक्ती करण्याची गरज उरत नाही. काळी शिफॉनची ओढणी हा गटातला सर्वांत हलका, हलता पोत ठरतो आणि नाचताना तो कॉर्डुरॉयपेक्षा जास्त लक्ष वेधतो. स्थूल किंवा फार बारीक अंगकाठीच्या मित्राला मागच्या रांगेत ढकलण्याची सवय सोडावी. ताठ कापडाचा, सरळ पडणारा, उघडा ठेवलेला शर्ट दोघांनाही शोभतो.

प्रश्न: कापड आणि कपडे कुठून घ्यावेत, आणि किती दिवस आधी?

जळगावला फुले मार्केट आणि धुळ्याला आग्रा रोड येथे हिंडून पाहिल्याशिवाय ऑनलाइन मागवू नये, कारण पडद्यावर पोत कळत नाही. साटीन, नायलॉन, जाळी अशी कृत्रिम धाग्याची कापडे सुरतेहून येतात आणि नंदुरबारकरांना रेल्वेने सुरत जवळच आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर आहे, तर होजिअरीचा माल बहुतांशी तमिळनाडूतल्या तिरुपूरचा असतो. कटपीसच्या दुकानांना अवश्य भेट द्यावी. सहा जणांना सहा वेगळे पोत हवे असताना पूर्ण तागा कोणालाच लागत नाही आणि दीड-दोन मीटरचे उत्तम तुकडे तिथेच मिळतात. शिंप्याला किमान तीन आठवडे द्यावेत आणि तोंडी वर्णनाऐवजी अंगाला बसणारा एक ढगळ शर्ट नमुना म्हणून द्यावा. लग्नसराईत तीन आठवडेही कमी पडतात.

प्रश्न: कपड्यांवर अहिराणी किंवा मराठी अक्षरे छापायची आहेत. काय काळजी घ्यावी?

सपाट होजिअरीवर छपाई उत्तम बसते. कॉर्डुरॉय आणि खडबडीत खादीवर ती तुटते, तिथे भरतकाम करावे. देवनागरीत शिरोरेषा, रफार आणि उकार बारीक राहिले की छपाईत ते भरून जातात किंवा गळतात, म्हणून ठसठशीत वळण घ्यावे आणि मजकूर एक-दोन शब्दांचा ठेवावा. छातीवर मोठ्या अक्षरांत नुसते 'काय भो' लिहिलेले असले, तरी खान्देशी माणूस पुण्याच्या गर्दीत थांबून हसतो. छापण्यापूर्वी शुद्धलेखन गटाबाहेरच्या कोणाकडून तरी तपासून घ्यावे.

प्रश्न: छायाचित्रासाठी कसे उभे राहावे?

चमकदार कापडे घातलेल्यांना सूर्याच्या थेट समोर उभे करू नये, त्यांना कडेच्या सावलीत ठेवावे. खडबडीत पोतावर मात्र तिरपे ऊन पडू द्यावे, म्हणजे पट्ट्या आणि टाके उठून दिसतात. लळिंगच्या किल्ल्यावर किंवा मेहरूण तलावाच्या काठी संध्याकाळी साडेपाचनंतरचा उजेड यासाठी चांगला असतो. अगदी बारीक रेघांचे शर्ट टाळावेत, कारण कॅमेऱ्यात त्यांवर लाटांसारखी खोटी नक्षी उमटते.

प्रश्न: बूटही जुळवायचे का?

नाही, फक्त स्वच्छ हवेत. ज्याच्याकडे स्निकर्स नाहीत, त्याला घेण्याची सक्ती करू नये. चांगली कोल्हापुरी खादीखाली स्निकर्सपेक्षा अधिक शोभते.

प्रश्न: वेगवेगळ्या पोतांचे कपडे धुवायचे कसे?

एकत्र मुळीच धुऊ नयेत. नव्या डेनिमची नीळ पहिल्या काही धुण्यांत सुटते आणि शेजारच्या पांढऱ्या खादीला कायमची निळसर झाक देते. म्हणून डेनिम उलटे करून, थंड पाण्यात, एकटेच धुवावे. कॉर्डुरॉयही उलटे करावे आणि वाळल्यावर पट्ट्यांच्या दिशेने मऊ ब्रश फिरवावा. साटीन पिळू नये आणि तिच्यावर ब्रश घासू नये, कारण वर मोकळे असलेले धागे लगेच ओढले जातात. जाड होजिअरी दांडीवर टांगली की ओल्या वजनाने लांबते, ती खाटेवर आडवी पसरावी. आपल्या उन्हात रंग लवकर उडतो, त्यामुळे काळे कपडे सावलीतच वाळवावेत. मे महिन्यात सावलीतसुद्धा ते तासाभरात कोरडे होतात.